‘खट्ट’ आवाजाचा इतिहास: जुनी जीप, जॉइंट क्रॉस आणि आपला संशोधनप्रश्न

जुनी जीप. क्लच सोडला की खालून ‘खट्ट’. थांबवून रिव्हर्स टाकला की पुन्हा ‘खट्ट’. गॅरेजमध्ये नेली की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: “क्रॉस गेलाय.” क्रॉस बदलला जातो, पैसे जातात आणि कधीकधी आवाज तसाच राहतो.

नेट-सेट किंवा पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात की विषय सापडला, पण त्याचा ‘प्रश्न’ कसा करायचा? आज त्यासाठी हाच आवाज घेऊ. तंत्रज्ञानाचा इतिहास फक्त शोध लावणाऱ्यांचा असतो का, हे त्यातून तपासता येतं.

आधी वस्तू समजून घेऊ

इंजिन आणि गिअरबॉक्स चॅसिसला बांधलेले असतात. मागचा अॅक्सल मात्र पाट्यांवर असतो, खड्ड्यागणिक वरखाली होतो. या दोघांना जोडणारा प्रोपेलर शाफ्ट म्हणूनच ताठ चालत नाही. त्याच्या दोन्ही टोकांना वाकत फिरणारा सांधा लागतो. हाच युनिव्हर्सल जॉइंट. अधिक चिन्हासारखा एक तुकडा, त्याच्या चार टोकांवर चार टोप्या, टोप्यांच्या आत सुईसारखे बारीक रोलर. आपल्याकडे याला सरळ ‘जॉइंट क्रॉस’ म्हणतात. अॅक्सल हलला की अंतरही कमीजास्त होतं, म्हणून शाफ्टमध्ये खाचांवर सरकणारा एक भाग असतो. तो स्लिप जॉइंट.

नाव एकाचं, काम अनेकांचं

युरोपात या शाफ्टला ‘कार्डन शाफ्ट’ म्हणतात. नाव आलं सोळाव्या शतकातला इटालियन वैद्य आणि गणिती जिरोलामो कार्डानो (१५०१–१५७६) याच्यावरून. पण कार्डानोचं नाव मुख्यतः जोडलं जातं ते एकात एक लटकणाऱ्या कड्यांशी, म्हणजे आधार हलला तरी आतली वस्तू समतोल ठेवणाऱ्या रचनेशी. ती कल्पनाही त्याच्या आधीपासून माहीत होती.

फिरकी एका दांड्यातून दुसऱ्या तिरक्या दांड्यात नेणाऱ्या सांध्याचं वर्णन गास्पार शॉटच्या १६६४ च्या ग्रंथात आहे. त्याची समजूत होती की दोन्ही दांडे एकसारख्या वेगाने फिरतात. पुढच्या दशकभरात लंडनमध्ये रॉबर्ट हूकने ही समजूत खोडली. पहिला दांडा एकसारखा फिरला तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. दांड्यांमधला कोन १० अंश असेल तर हा फरक दोन्ही बाजूंना साधारण दीड टक्का, पण ३० अंशांवर तो १३ ते १५ टक्क्यांवर जातो. हूकला यात सूर्यघडीच्या सावलीची चाल दिसली. १६७६ मध्ये त्याने आपल्या उपकरणांवरच्या पुस्तिकेत हा सांधा मांडला. दोन सांध्यांची जोडी लावून एकाची चूक दुसऱ्याने भरून काढायची, ही युक्तीही पुढे त्यानेच सुचवली.

ही युक्ती आजही गाडीखाली आहे. मेकॅनिक शाफ्ट उतरवण्याआधी खुणा करून ठेवतो, कारण स्लिप जॉइंट चुकीच्या खाचेत बसला तर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत येत नाहीत आणि गाडी थरथरते. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं गणित खडूच्या रेघेत शिल्लक आहे म्हणा ना!

मोटारगाडीपर्यंत हा सांधा आणण्यात अमेरिकेतल्या क्लॅरेन्स स्पायसरचा मोठा वाटा. त्या काळी पुष्कळ गाड्या साखळीवर चालत. स्पायसरला १९०३ मध्ये पेटंट मिळालं आणि १९०४ मध्ये त्याने उत्पादन सुरू केलं. आता गंमत पाहा: ते पेटंट सांध्याच्या आवरणाचं होतं, ग्रीस आत राहावं आणि धूळ बाहेर राहावी यासाठी. म्हणजे रस्त्यावर खरा प्रश्न देखभालीचा होता.

जीप आणि शिकवणारी पुस्तिका

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बनवल्या. चालवणारे बरेचसे नवखे सैनिक होते. त्यांच्यासाठी अमेरिकी सैन्याने १९४४ मध्ये ‘टीएम ९-८०३’ ही पुस्तिका काढली. ‘आर्मी मोटर्स’ नियतकालिकात चित्रकार विल आइस्नरने देखभालीचे धडे व्यंगचित्रांतून दिले. १९५१ पासून हेच काम ‘पीएस’ मासिकाने केलं.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. सरकारी खात्यांतून, शेतांतून आणि पुढे महिंद्राच्या नव्या जीपगाड्यांच्या रूपाने वडापमधून ही गाडी महाराष्ट्रभर फिरली. तिच्याबरोबर तो ‘खट्ट’ही फिरला.

आवाज शोधायचा कसा?

चांगला मेकॅनिक लगेच पाना उचलत नाही, आधी विचारतो: आवाज नेमका कधी येतो?

आधी सुरक्षितता. युद्धकाळातल्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवरच असे. शाफ्ट तपासायला तो सोडावा लागतो, म्हणजे गाडी मोकळी होते. म्हणून सपाट जागा, सर्व चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रल. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही.

मग शाफ्ट हाताने मागेपुढे पिळायचा. एका बाजूचा योक हलतो आणि समोरचा उशिरा हलतो, तर क्रॉस झिजलाय. टोपीजवळ तांबूस भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपून गंज धरलाय. आवाज गाडी थांबता थांबता येत असेल तर स्लिप जॉइंटवर संशय घ्यायचा: खाचा कोरड्या पडल्या की शाफ्ट अडकतो आणि झटक्याने सरकतो. तिथे कधी नुसतं ग्रीसही पुरतं. पाट्यांचे यू-बोल्ट सैल असतील किंवा गिअरबॉक्सखालचं रबर फाटलं असेल, तरी असाच आवाज येतो.

आणि क्रॉस नवा असूनही आवाज राहिला तर? युद्धकाळातल्या जीपच्या मागच्या अॅक्सलचं गुणोत्तर ४.८८ आहे. चाक एकदा फिरतं तेव्हा शाफ्ट जवळपास पाच वेळा. म्हणजे चाकाकडच्या खाचांमध्ये एक अंशाचा प्ले असेल तर शाफ्टवर तो जवळपास पाच अंश दिसतो. त्यात क्राउन-पिनियनचा आणि गिअरबॉक्सचा प्ले मिळवा. प्रत्येक ठिकाणी थोडा, एकूण बराच. शाफ्टवर दिसतो म्हणून दोष शाफ्टचाच असतो असं नाही.

मग आपला प्रश्न कोणता?

‘युनिव्हर्सल जॉइंट कोणी शोधला?’ हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो ‘क्रॉस गेलाय’सारखा आहे. सवयीचा, आणि अर्धाच. नाव कार्डानोचं ऐकू येतं, काम शॉट, हूक, स्पायसर आणि असंख्य अनाम हातांमध्ये विभागलेलं असतं. इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला: तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांपेक्षा वापराच्या बाजूने पाहा, त्यात दुरुस्ती आलीच.

दुसरी गोष्ट साधनांची. पेटंट जपलं जातं, सैन्याची पुस्तिका जपली जाते. तालुक्याच्या गावी तीस वर्षं जीप उघडणाऱ्या मिस्त्रीचं ज्ञान मात्र कुठल्याच दप्तरात नाही. आवाजावरून कोणता भाग गेला हे तो कसं ओळखायचा, सुटा भाग मिळेना तेव्हा काय करायचा, कोणते शब्द वापरायचा, हे फक्त त्याला विचारूनच कळेल. ती पिढी आता काम थांबवते आहे. पुस्तिका दहा वर्षांनीही मिळेल, हा माणूस मिळेलच असं नाही.

तेव्हा प्रश्न असा करून पाहा: ‘१९५० ते १९९० या काळात आपल्या जिल्ह्यात जीप दुरुस्तीचं ज्ञान कोणाकडून कोणाकडे गेलं?’ यात काळ आहे, जागा आहे, माणसं आहेत. साधनंही ठरवता येतात: सुट्या भागांचे कॅटलॉग, गॅरेजची जुनी बिलं, सरकारी वाहनांची लॉगबुकं आणि मुलाखती. मुलाखतीला मात्र आधी वस्तू समजून घेऊन जा. क्रॉस आणि स्लिप जॉइंट यातला फरक माहीत असेल, तरच समोरचा माणूस पुढचं सांगेल.