ज्वारीचा जिल्हा आणि आतड्यातील जिवाणू

बालाघाटाच्या डोंगररांगेने बीड जिल्ह्याचे दोन भाग पाडले आहेत. उत्तरेला गोदावरी आणि सिंदफणेच्या खोऱ्यातील सखल, काळ्या मातीची गंगथडी आहे, तर दक्षिणेला मांजरेच्या उगमाकडचा उंच, हलक्या जमिनीचा पट्टा आहे. दोन्ही भाग पर्जन्यछायेत असल्यामुळे येथील मुख्य धान्य ठरवण्याचे काम जमिनीतल्या ओलीने केले. काळ्या रानात रब्बी ज्वारी आणि हलक्या रानात बाजरी, अशी विभागणी निजामी राजवटीत होती आणि १९४८ मध्ये ती राजवट संपल्यानंतरही पुष्कळ काळ टिकून राहिली. ज्वारीचा दाणा माणसाला आणि कडबा जनावराला, असा हिशेब असल्याने हे पीक दुष्काळी मुलखातील संसाराचा आधार होते. या धान्याचा तिसरा वाटेकरी, म्हणजे माणसाच्या मोठ्या आतड्यात राहणारे अब्जावधी जिवाणू, विज्ञानाच्या नजरेत बऱ्याच उशिरा आला.

जुन्या आहाराचे स्वरूप वेळ अमावस्येच्या सणात आजही दिसते. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत, तसेच त्यांना लागून असलेल्या बीडच्या भागात, हा सण शेतात साजरा होतो. त्या दिवशीच्या जेवणात ज्वारी-बाजरीचे पदार्थ असतात, ओली तूर, हरभरा, वाटाणा आणि पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी असते, आणि ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेली आंबील असते. कोंड्यासह दळलेले धान्य, अनेक डाळी, रानातला पाला आणि आंबवण, हे चारही घटक जिवाणूंच्या दृष्टीने मोलाचे आहेत.

धान्याच्या आणि डाळींच्या तंतुमय भागाचे पचन माणसाच्या पाचक रसांनी होत नाही. तो भाग मोठ्या आतड्यात पोहोचतो, तेथील जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लघुशृंखल मेदाम्ले, म्हणजे कमी कार्बन अणूंची आम्ले, तयार होतात. आतड्याच्या अस्तरातील काही पेशी या आम्लांची चाहूल लागताच जीएलपी-१ आणि पेप्टाइड वायवाय ही संप्रेरके, म्हणजे रक्तावाटे संदेश नेणारी रसायने, स्रवतात. त्यांपैकी पहिले संप्रेरक रक्तातील साखर वाढली असता स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्यास उद्युक्त करते आणि जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते, तर दुसरे पोट भरल्याची जाणीव देते. मधुमेह आणि स्थूलतेवरील अलीकडची महागडी इंजेक्शने जीएलपी-१ चेच अनुकरण करतात. तंतू कमी पडले की ही आम्ले घटतात आणि आतड्याचे अस्तर दुबळे होते. जिवाणूंच्या कवचातील विषारी अंश रक्तात झिरपून मंद दाह निर्माण होतो आणि त्यामुळे इन्शुलिनचा प्रभाव घटतो, असे २००७ मध्ये उंदरांना अतिमेदयुक्त आहार देऊन केलेल्या प्रयोगांतून दिसले.

बीडच्या ताटातही तंतू असेच घटले आणि हा बदल अनेक वाटांनी झाला. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. उत्पन्न वाढले, परंतु खरिपातील हायब्रीड दाणा पावसात सापडून काळा पडू लागला आणि ज्वारीची पत घसरली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांना सुकडी मिळाली आणि अमेरिकेतून आलेली मिलो ही लाल ज्वारी खावी लागली. तिच्या आठवणीने लाल दाण्याशी हलाखीची भावना जोडली गेली. पुढे कापूस आणि सोयाबीनने रोख पैसा दिला, माजलगाव प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस वाढला आणि ज्वारीचे रान आटले. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडणीसाठी साखर कारखान्यांकडे निघणारी कुटुंबे नेमकी रब्बी ज्वारीच्या पेरणी ते काढणीच्या काळात गावाबाहेर राहू लागली. स्वस्त धान्याच्या व्यवस्थेने उपासमार रोखली हे तिचे मोठे श्रेय होय, मात्र तिने घरात आणले ते प्रामुख्याने गहू आणि पॉलिश तांदूळ.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, पॉलिश तांदळात ३ ग्रॅमहून कमी, तर कोंड्यासह दळलेल्या गव्हात साधारण ११ ग्रॅम. म्हणून दोष गव्हाला देता येत नाही. हानी झाली ती पॉलिश तांदूळ, मैदा व साखर वाढल्यामुळे आणि डाळी, पाला व आंबवण घटल्यामुळे.

आहारातील तंतूंचा आतड्यातील जिवाणूंशी आणि त्यांच्यामार्फत मधुमेहाशी संबंध आहे, या तर्काला इतरत्र झालेल्या संशोधनाने बळ दिले आहे. बुर्किना फासोतील ज्वारी-बाजरी खाणाऱ्या ग्रामीण मुलांच्या आतड्यात प्रिव्होटेला हे तंतू पचवणारे जिवाणू विपुल होते आणि लघुशृंखल मेदाम्लेही फ्लॉरेन्सच्या मुलांहून अधिक होती, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. २०१६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी भारतीयांच्या आतड्यातही प्रिव्होटेलाचे प्राबल्य नोंदवले. चीनमधील मधुमेहींत ब्युटिरेट बनवणारे जिवाणू कमी आढळले. नेदरलँड्समध्ये सडपातळ व्यक्तींचे आतड्यातील जिवाणू चयापचयाचा विकार असलेल्या पुरुषांना दिल्यावर त्यांच्या शरीरात इन्शुलिनचा प्रभाव सहा आठवड्यांत सुधारला. हे दोन्ही निष्कर्ष २०१२ मधील आहेत. तथापि जिवाणू हे एकमेव कारण नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवल्याप्रमाणे भारतीय अर्भक वजनाने कमी असूनही मेदाने तुलनेने अधिक असते, म्हणजेच मधुमेहाची पूर्वतयारी गर्भातच होते. अशा शरीराला तंतुहीन आहार अधिक जाचतो.

अन्नसुरक्षेच्या २०१३ च्या कायद्यात गहू आणि तांदळाबरोबर भरड धान्य देण्याची तरतूद आहे आणि त्यासाठी एक रुपया किलो हा सर्वांत कमी दर ठरवलेला होता. ज्या जिल्ह्यात ज्वारी पिकते तेथील शिधापत्रिकेवर ज्वारी आणि तिच्यासोबत डाळ नियमितपणे मिळावी, कारण मधुमेहाच्या उपचारापेक्षा हा खर्च खचितच कमी आहे.