सोन्याचे कण आणि प्रकाशाची आंच

१८६६ सालीं बॉन येथील शस्त्रवैद्य विल्हेल्म बुश याच्या एका रुग्ण स्त्रीस धांवरें झालें. ताप फार चढला, आणि त्यानंतर तिच्या चेहऱ्यावरील कर्काची गांठ विरून गेली. पुढें १८९१ पासून न्यूयॉर्कच्या विल्यम कोली यानें तोच रोग रुग्णांना मुद्दाम जडवून पाहिला. गुण आला तो उष्णतेनें कीं शरीराच्या प्रतिकारशक्तीनें, हा वाद बराच काळ चालला, व आज कौल दुसऱ्या बाजूकडे झुकतो. तरी उष्णतेनें पेशी मरतात, याविषयीं शंका नव्हती. अडचण निराळीच होती. गांठ जाळावयास जावें, तर शेजारचें निरोगी मांसहि होरपळे!

तोडग्याचा धागा मिळाला तो वैद्यकाबाहेर. १८५७ सालीं लंडनमध्यें मायकेल फॅरडे यानें सोन्यावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. सोन्याच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया घडवून त्यानें माणकासारखें तांबडें पाणी तयार केलें होतें. तें सोनेंच, पण अतिसूक्ष्म कणांत विभागलेलें. आणि कणांचा आकार पालटला कीं रंगहि पालटतो, हें त्यानें ओळखलें. म्हणजे कण कोणता प्रकाश गिळील, तें त्याच्या घडणीवर अवलंबून.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठांत नेओमी हालास यांनीं सिलिकाच्या सूक्ष्म गोळीवर सोन्याचें पातळ कवच चढविलें. कवचाची जाडी बेतून असा कण अवरक्त प्रकाश शोषील असें करतां येतें. आणि डोळ्यांस न दिसणारा हा प्रकाश रक्तमांसांत फारसा न अडतां कांहीं सेंटिमीटर आंत जातो. २००३ सालीं हालास, जेनिफर वेस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हे कण उंदरांच्या गांठींत टोचून वर लेझरचा प्रकाश पाडला. चार ते सहा मिनिटांत गांठीचें तपमान सुमारें ३७ अंशांनीं चढलें. कण नसलेलें मांस त्याच प्रकाशांत दहा अंशहि तापलें नाहीं.

माणसांवरील निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाले. रोग होता प्रोस्टेट ग्रंथीचा, जेथें शस्त्रक्रियेनें मूत्रावरचा ताबा व पुरुषत्व गमावण्याचें भय असतें. १६ रुग्णांच्या शिरेंतून कण सोडले, आणि दुसऱ्या दिवशीं गांठींत बारीक तंतु घालून लेझर चालविला. १५ जणांवर उपचार पुरा झाला. मूत्रक्रियेंत वा कामशक्तींत लक्षणीय बिघाड झाला नाहीं. वर्षानें तपासतां बहुतेकांच्या त्या जागीं रोग आढळला नाहीं.

वर्तमानपत्रें याला अचूक वेध म्हणतात, तें जरा उतावीळपणाचें. कर्कपेशी ओळखणारीं प्रतिद्रव्यें जडविलेले कण प्रयोगशाळेंत झाले आहेत, पण या रुग्णांना दिलेल्या कणांवर तशी खूण नव्हती. गांठींतील रक्तवाहिन्या कच्च्या व सच्छिद्र असतात. त्यांतून पाझरून ते तेथें सांचले, आणि प्रकाश कोठें पोंचवावा, हें तंतु रोवणाऱ्या वैद्यानें ठरविलें.