आजीची कोंबडी आणि खळ्यावरचे दाणे
कोंबडी मूळची आशियातलीच, तिच्यापुढचे दाणे मात्र लांबून आलेले. ज्वारी-बाजरी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. मका अमेरिकेतला, १४९२ नंतर जहाजांतून जगभर पसरलेला. आमच्या चाकणकडे मळणीनंतर खळ्यावर उरलेले दाणे कोंबड्यांचे आणि अंड्यांचे पैसे घरातल्या बाईचे. माझ्या शाळेच्या वह्या आजीने त्याच पैशांतून आणल्या.

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. कारखाने आधी पिंपरी-चिंचवडला आले, मग चाकणला. जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावरच्या नावांना मिळाला. आजीचं नाव तिथे नव्हतंच. खळं गेलं, तशी तिची कमाईही गेली. कोंबड्यांना विकतचा मका घालून अंडी परवडेनात. त्या कमाईची नोंद कुठल्याच कागदावर नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.