शालेय मानसशास्त्राचा विद्यार्थी आणि त्याचा पोर्टफोलिओ

अमेरिकेतील सार्वजनिक शाळांमध्ये शालेय मानसशास्त्रज्ञ हे स्वतंत्र पद आहे. वाचनात सतत मागे पडणारे, वर्गात बिथरणारे किंवा अपंगत्वामुळे विशेष शिक्षणाची गरज भासणारे मूल तपासणीसाठी त्याच्याकडे पाठविले जाते. अपंग मुलांना मोफत व सुयोग्य शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १९७५ मध्ये झाला आणि या व्यवसायाचा विस्तार वेगाने झाला. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल सायकॉलॉजिस्ट्स' अर्थात 'नॅस्प' या संघटनेच्या निकषांनुसार 'स्पेशालिस्ट' पातळीचा अभ्यासक्रम पदवीनंतर किमान ६० सत्र श्रेयांकांचा असतो. शेवटी १२०० तासांची इंटर्नशिप असते आणि त्यांतील निदान ६०० तास शाळेतच काढावे लागतात. या प्रशिक्षणात काय साधले, हे दाखविण्यासाठी अनेक विद्यापीठे विद्यार्थ्याकडून पोर्टफोलिओ मागतात.

पोर्टफोलिओ म्हणजे प्रमाणपत्रांची फाइल, हा समज सर्रास आढळतो. 'नॅस्प'च्या २०२० च्या निकषांत व्यावसायिक कामाची दहा क्षेत्रे सांगितली आहेत. विद्यार्थी फाइलचे दहा कप्पे करतात आणि निबंध, सादरीकरणे, कार्यशाळांची प्रशस्तिपत्रे असे हाताला लागेल ते त्यांत भरतात. फाइल जाडजूड होते खरी, पण तीवरून विद्यार्थी विचार कसा करतो, हे कळत नाही.

ते कळते एखाद्या प्रकरणाच्या साद्यंत नोंदीवरून. अडचण निश्चित करणे, तिची कारणे तपासणे, उपाययोजना आखणे आणि तिचा परिणाम मोजणे, असे तिचे चार टप्पे असतात. समजा, तिसरीतील मुलगा अडखळत वाचतो. तो मिनिटाला किती शब्द अचूक वाचतो, हे उपायापूर्वी अनेकदा मोजून ठेवलेले असावे; उपाय सुरू झाल्यावर तीच मोजणी दर आठवड्याला चालू राहावी. दोन्ही एकाच आलेखावर मांडली की, फरक पडला की नाही, हे परीक्षकाला लगेच दिसते. आलेखाची रेषा सपाट राहिली म्हणून प्रकरण वगळण्याचे कारण नाही. ती सपाट आहे हे केव्हा लक्षात आले आणि त्यानंतर काय बदलले, हे प्रांजळपणे लिहिलेले प्रकरण गुळगुळीत यशोगाथेपेक्षा कितीतरी अधिक बोलके असते.

खरी कसोटी आहे ती गोपनीयतेची. विद्यार्थ्याच्या कौशल्याचा पुरावा हा कोणा तरी मुलाचा खासगी तपशील असतो. शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा 'फर्पा' हा कायदा १९७४ चा. २००८ मध्ये सुधारलेल्या त्याच्या नियमांनुसार, ज्या तपशिलांच्या आधारे शाळेच्या परिसरातील सामान्य माणूस मूल ओळखू शकेल, तेही ओळख पटविणारेच मानले जातात. म्हणजे नावावर काळी रेघ ओढून भागत नाही. लहान गावातील शाळा, दुर्मीळ आजार आणि पालकांचा व्यवसाय एकत्र आले की नावाची गरजच उरत नाही. म्हणून जन्मतारीख, शाळा, गाव, भावंडांचे उल्लेख काढावे लागतात, संगणकावरील फाइलच्या नावात राहिलेले आडनावही तपासावे लागते. पालकांची संमती आणि पर्यवेक्षकाची परवानगी या पुढच्या पायऱ्या. मुलाच्या नावानिशी असलेली मूळ कागदपत्रे शाळेतच राहावीत. वेक्सलरसारख्या बुद्धिमापन चाचण्यांच्या भरलेल्या उत्तरपत्रिका तर मुळीच जोडू नयेत. प्रश्न बाहेर फुटले की ती चाचणी पुढच्या मुलांसाठी निरुपयोगी ठरते.

हे सारे शेवटच्या सत्रात उरकण्यासारखे नाही. पहिल्या वर्षाचा कच्चा अहवाल आणि पर्यवेक्षकाने त्यावर केलेल्या तारीखवार दुरुस्त्या जपल्या, तरच तिसऱ्या वर्षाच्या अहवालातील प्रगती उठून दिसते. नोकरीच्या मुलाखतीसाठी मात्र छोटी आवृत्ती वेगळी करावी. एक अहवाल, आलेखासह एक प्रकरण आणि शिक्षकांसाठी घेतलेल्या एखाद्या सत्राचा आराखडा एवढे तिच्यात पुरेसे असते. मुलाखत घेणाऱ्या मुख्याध्यापकाला त्या आलेखाविषयी दोन प्रश्न विचारण्याइतकाच वेळ असतो.