सोहोनी, कमला : बंगळूरमधील विद्यार्थिदशा

सोहोनी, कमला (माहेरच्या भागवत, १९११–१९९८) : भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ. जन्म इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव दोघेही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत (स्थापना १९०९, लोकांच्या तोंडी ‘टाटा इन्स्टिट्यूट’) शिकलेले. त्यामुळे १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्यावर पुढे कोठे शिकायचे, हे घरात ठरल्यासारखेच होते. अडचण आली ती संस्थेत. संचालक चं. वें. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी प्रत्यक्ष जाऊन हट्ट धरला, तेव्हा अटींवर होकार मिळाला : नियमित विद्यार्थिनी म्हणून नाव नाही, पहिले वर्ष परीक्षेचे, स्वतः रामन यांचे समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही, आणि सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये.

ही हकीकत पुष्कळदा सांगितली जाते. परंतु ती बहुधा दारातच थांबते. आत गेल्यावर कमलाबाई काय शिकल्या, हे अधिक मोलाचे आहे. मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या शिस्तीचे कडक, पण शिकवायला उत्सुक. मूळ ग्रंथ व शोधनिबंध वाचायचे, अडले तर थेट परदेशी शास्त्रज्ञांना पत्र लिहायचे, ही सवय त्यांनी लावली. पदवीपर्यंतच्या नोट्स आणि घोकंपट्टी येथे निरुपयोगी होती.

विषय होता दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिने. ऐकायला साधा, हाताला मात्र चिवट. कडधान्यांतील बरीचशी प्रथिने निव्वळ पाण्यात नीट विरघळत नाहीत. पिठाला मिठाचे पाणी लावून ती काढावी लागतात. द्रावण पातळ केले की ती साका होऊन खाली बसतात. मग गाळणे, धुणे, वाळवणे आणि नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनांचा हिशेब करणे. मिठाचे प्रमाण जरा इकडेतिकडे झाले की आकडा बदलतो. म्हणून तोच प्रयोग पुन्हा, नोंदवहीत जसा घडला तसा. अशा कामात हुशारीपेक्षा चिकाटीची कसोटी लागते.

वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले, प्रवेश नियमित झाला आणि संस्था इतर मुलींनाही घेऊ लागली. १९३६ मध्ये कमलाबाई एम.एस्सी. विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाल्या. रामन यांची ती वागणूक मात्र त्या उतारवयातही विसरल्या नव्हत्या, आणि विसरावे असे काही त्यात नव्हतेही. पुढे भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी यांनी रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिरे व माणकांवर काम केले, पण एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. नाकारली. दार उघडले तरी नियमांची आडकाठी उरलीच होती.

बंगळूरची ही तयारी पुढे केंब्रिज विद्यापीठात संशोधन करताना उपयोगी पडली. तेथील जीवरसायनशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांच्या विभागात बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे श्वसनक्रियेतील प्रथिन असते, हे त्यांनी दाखवले. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली, प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक असताना त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना नीरा, ताडगूळ आणि कडधान्ये असे गरिबांच्या ताटातले विषय दिले.