पैनगंगेपलीकडचा करंडक

कळमनुरी तालुक्यातील इसापूर धरण ओलांडले की यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ. अलीकडचा हिंगोलीचा खेळाडू क्रिकेटमध्ये ‘महाराष्ट्रा’चा, पलीकडचा ‘विदर्भा’चा. एकाच राज्यात रणजीचे तीन संघ असल्याने ही सीमारेषा मैदानावर आजही टिकून आहे. या तिघांत विदर्भ उपेक्षित. १९५७-५८ पासून स्पर्धेत असूनही साठ वर्षांत त्याने एकदाही अंतिम फेरी गाठली नव्हती.

२०१७ मध्ये तिथे प्रशिक्षक म्हणून आले चंद्रकांत पंडित. मुंबईचे, आचरेकर सरांच्या तालमीतले यष्टिरक्षक-फलंदाज. १९८६ साली लीड्सला कसोटी पदार्पण झाले, तेही निव्वळ फलंदाज म्हणून. यष्टींमागे किरण मोरे होते आणि पुढेही बहुतांश तेच राहिले. पंडितांच्या वाट्याला ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने आले. प्रथम श्रेणीत आठ हजारांहून अधिक धावा करणाऱ्यासाठी हा हिशेब तोकडाच.

कारकिर्दीच्या उत्तरार्धात ते मध्य प्रदेशकडे गेले. १९९८-९९ ची अंतिम लढत बंगळूरुच्या चिन्नास्वामी मैदानावर होती, समोर कर्नाटक, कर्णधार पंडित. पहिल्या डावात आघाडी मिळूनही शेवटच्या दिवशी मध्य प्रदेशचा डाव कोसळला. करंडक हातचा गेला.

प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी मुंबईला २००३, २००४ आणि २०१६ मध्ये विजेतेपद मिळवून दिले. जानेवारी २०१७ मध्ये मात्र इंदूरच्या होळकर मैदानावर मुंबई गुजरातकडून हरली आणि पुढच्या हंगामासाठी मुंबईने समीर दिघे यांना नेमले. तीन करंडकांचा हा मोबदला कृतघ्नपणाचाच म्हणावा लागेल!

विदर्भात त्यांची कडक शिस्त रुजली. फैज फजल कर्णधार, सोबतीला वसीम जाफरचा अनुभव. उपांत्य सामन्यात बलाढ्य कर्नाटक अवघ्या ५ धावांनी पराभूत झाले. रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात ७ बळी टिपले. अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचे शतक, आणि १ जानेवारी २०१८ रोजी ९ गड्यांनी विजय. मैदान तेच, इंदूरचे होळकर. (होळकर संघाला रणजीत वैभव मिळवून देणारे कर्णधार सी. के. नायडू मूळचे नागपूरचे, हा योगायोगही नोंदवण्याजोगा.) हे नशीब नव्हते हे पुढच्याच वर्षी कळले: २०१९ मध्ये सौराष्ट्राला हरवून विदर्भाने करंडक राखला.

त्यानंतर पंडित पुन्हा मध्य प्रदेशात गेले, या वेळी प्रशिक्षक म्हणून. २०२२ ची अंतिम लढत पुन्हा चिन्नास्वामीवर आली, आणि प्रतिस्पर्धी होता त्यांचा जन्मगावचा संघ, मुंबई. मुंबईच्या ३७४ ला मध्य प्रदेशने ५३६ ने उत्तर दिले. २६ जूनला १०८ धावांचे लक्ष्य ६ गडी राखून पार झाले. मध्य प्रदेशच्या नावावर पहिला रणजी करंडक लागला. २३ वर्षांपूर्वी ज्या मैदानावरून पराभूत कर्णधार परतला होता, तिथे साठीतल्या प्रशिक्षकाला डोळ्यांतले पाणी आवरले नाही.