ठरावात नसलेला शब्द

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की आपण उद्देशिका एका सुरात म्हणतो. पण त्यातली ‘बंधुता’ आली कुठून? १३ डिसेंबर १९४६ला नेहरूंनी संविधान सभेत मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात न्याय होता, स्वातंत्र्य होतं, समता होती; बंधुता नव्हती. ती घातली आंबेडकरांच्या मसुदा समितीनं. मसुदा सादर झाला २१ फेब्रुवारी १९४८ला. तारीख बघा! फाळणीच्या जखमा ओल्या, गांधींच्या खुनाला महिनाही झालेला नाही, आणि आपल्याच महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेलेली. बंधुभावाची एवढी गरज पूर्वी कधीच नव्हती, असं समितीनं नोंदवलंय. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. स्वातंत्र्य आणि समतेवर तासन्‌तास बोललो. बंधुतेवर मात्र एकही तास घेतल्याचं आठवत नाही.